खनिजाचा पैसा आणि उद्याचा गोमंतक

पावसाळा ओसरला आणि नारळी पौर्णिमेनंतर दर्या शांत झाला की मांडवीच्या पात्रात खनिजाने भरलेल्या बार्जी दिसू लागणे, हे गोव्यात एके काळी ऋतुचक्राचेच एक अंग मानले जाई. मधल्या काळात हे पात्र पुष्कळसे रिकामे राहिले. २०२४ च्या एप्रिलात डिचोलीच्या खाणपट्ट्यात पुन्हा यंत्रे सुरू झाली आणि धक्क्यांवर हालचाल दिसू लागली. तिकडे पेडणे तालुक्यात मोपच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरत आहेत. या दोन दृश्यांची सांगड घालून राज्याच्या भरभराटीचा काळ समीप आला आहे, असे शासनकर्ते मोठ्या आत्मविश्वासाने सांगतात. येत्या दोन-तीन वर्षांत उत्पन्नाचे आकडे चढतील, हे भाकीत खोटे ठरेल असे आम्हांसही वाटत नाही. परंतु आकडे चढणे आणि प्रजेची स्थिती सुधारणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्या एकच मानल्याने गोव्याने एकदा मोठी किंमत मोजली आहे; ती पुन्हा मोजावी लागू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोव्याच्या अर्थकारणाचा विचार करताना एक गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. ३,७०२ चौरस किलोमीटरांची भूमी आणि पंधरा लाखांच्या आसपास वस्ती एवढाच ज्याचा पसारा, ते राज्य स्वभावतः एखाद्या छोट्या निर्यातावलंबी देशासारखे असते. आपण जे पिकवतो ते आपल्याला पुरत नाही आणि जे खोदतो वा बनवतो ते आपल्याला खपवता येत नाही. विकत घेणारा बाहेरचा, भाव ठरवणारा बाहेरचा, आणि वर्षअखेर आपली मिळकत किती हे ठरवणाराही बाहेरचाच. मात्र स्वतंत्र देशाच्या हाती जी साधने असतात ती आपल्यापाशी नाहीत. आपले चलन नाही, की भाव पडल्यावर ते स्वस्त करता यावे. आपले जकातखाते नाही, की निर्यातीवरचा कर आपल्या सोयीने कमी-अधिक करता यावा. छोट्या देशाची सर्व दुर्बलता आपल्या वाट्यास आलेली आहे. त्याची हत्यारे मात्र आलेली नाहीत.

ही स्थिती आजची नव्हे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या पर्वात गोवा खरोखरच एक वेगळे अर्थक्षेत्र होते. दुसऱ्या महायुद्धानंतर लोहखनिजाची निर्यात सुरू झाली आणि १९५० नंतरच्या दशकात जपानच्या पोलाद कारखान्यांनी ती झपाट्याने वाढवली. १९५४-५५ च्या सुमारास भारत सरकारने गोव्याची आर्थिक कोंडी केली, तेव्हा ही वसाहत गुदमरून शरण येईल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ती फोल ठरली, आणि तसे होण्यास खनिजाचा पैसा बहुतांशी कारण झाला. त्या पैशावर हॉलंडचा बटाटा आला, जपानचे सिमेंट आले, सिलोनचा चहा आला. पणजी आणि मडगावच्या दुकानांत परदेशी वस्तूंची रेलचेल झाली. आणि त्याच वेळी डिचोली, पेडणे, सत्तरी या नव्या काबिजादीतील गावांत पक्का रस्ता, दवाखाना किंवा माध्यमिक शाळा हीदेखील दुर्मीळ वस्तू होती. ज्या तालुक्यांच्या डोंगरांतून संपत्ती निघाली ते तालुके अंधारात राहिले. निर्यातीच्या आकड्यांत हा अंधार कोठेही नोंदला गेलेला नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर हे स्वतः खाणमालक होते. तरीही गावोगावी प्राथमिक शाळा काढण्याचे आणि कुळांना जमिनीत हक्क देण्याचे धोरण त्यांनीच हाती घेतले, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. त्या काळी राज्यकर्त्यांना एवढे भान होते की डोंगरातून निघालेल्या पैशाचे शाळेत आणि शेतात रूपांतर झाले नाही, तर तो पैसा आला काय आणि गेला काय, सारखेच.

हे भान सुटले ते नव्या शतकाच्या पहिल्या दशकात. चीनमध्ये पोलादाची भूक वाढली. जपानी कारखानदारांनी नापसंत केलेले आपले हलक्या प्रतीचे चूर्णही चिनी कारखाने हातोहात उचलू लागले. शतकाच्या आरंभी वर्षाकाठी दोन कोटी टनांच्या आतबाहेर असलेली निर्यात २०१०-११ मध्ये पाच कोटी टनांच्या पुढे गेली. डिचोलीच्या रस्त्यांवर टिपरांची अखंड रांग लागली. साखळी, पाळी, वेळगे, सुर्ल, कुडणे या भागांतील कित्येक कुटुंबांनी शेते पडीक टाकली, बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतले आणि महिन्याचा हप्ता हेच कुटुंबाचे पंचांग झाले. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. वायंगणाच्या शेतात लाल गाळ उतरला असता आणि विहिरीचे पाणी आटले असता दाराशी आलेला रोजगार कोण नाकारणार? दोष आहे तो, ही घोडदौड कायम टिकणार असे मानून राज्याचा अर्थसंकल्प तिच्यावर उभारणाऱ्यांचा.

पुढे काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. परंतु आपली स्मरणशक्ती अल्प असल्यामुळे क्रम पुन्हा सांगणे अगत्याचे आहे. न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेसमोर आला. बेकायदा उत्खननामुळे सुमारे पस्तीस हजार कोटी रुपयांची हानी झाल्याचा अंदाज त्यात होता. त्या आकड्याविषयी वाद झाले, परंतु अनियमितता घडलीच नाही असे कोणासही सिद्ध करता आले नाही. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने, २००७ च्या २२ नोव्हेंबरलाच पट्ट्यांची मुदत संपली होती, असे जाहीर केले आणि वार्षिक उत्खननावर दोन कोटी टनांची मर्यादा घातली. त्यानंतर सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने तेही रद्दबातल ठरवले आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा बंद पडल्या. पहिल्या बंदीनंतरच्या २०१२-१३ आणि २०१३-१४ या लागोपाठ दोन वर्षांत राज्याचे स्थूल उत्पन्न वाढण्याऐवजी घटले. देशात दरडोई उत्पन्नात अग्रभागी म्हणून मिरवणाऱ्या राज्याची ही अवस्था एका आदेशाने झाली. ज्या इमारतीचा एक खांब काढताच छप्पर कलते, तिच्या बांधणीतच काही चुकलेले असते.

आता नव्या पर्वाकडे वळू. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या चार खाणपट्ट्यांचा लिलाव झाला आणि त्यांतील तीन डिचोली तालुक्यातील होते. लिलावाची ही पद्धत पूर्वीच्या पद्धतीहून निःसंशय श्रेयस्कर आहे. २००९ पूर्वी टनामागे काही रुपये एवढेच स्वामित्वधन सरकारास मिळत असे. आता डिचोली पट्ट्यासाठी विक्रीमूल्याच्या साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा देण्याची बोली लागली आहे. जनतेच्या मालकीच्या वस्तूचे मोल जनतेच्या तिजोरीत येऊ लागले, ही सुधारणा न्यायालयांच्या आणि चिकाटीने लढणाऱ्या नागरिकांच्या खात्यावर जमा केली पाहिजे.

तरीही येत्या दोन-तीन वर्षांच्या वाढीचे भाकीत करताना तीन गोष्टी तोलून पाहिल्या पाहिजेत. पहिली म्हणजे परिमाण. लिलाव झाला म्हणजे खनिज बाहेर आले असे नव्हे. पर्यावरणीय दाखला, जनसुनावणी, वाहतुकीचा रस्ता या पायऱ्या ओलांडाव्या लागतात, आणि त्या ओलांडायलाच हव्यात. त्यामुळे उत्पादन हळूहळू वाढेल आणि दोन कोटी टनांच्या मर्यादेमुळे २०१०-११ चे दिवस परत येणार नाहीत. मात्र आरंभच शून्याजवळून होत असल्याने टक्केवारी मोठी दिसेल. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसाचे वजन पहिल्या महिन्यात भराभर वाढते. म्हणून तो पहिलवान झाला असे कोणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बाजार. जगात समुद्रमार्गे जाणाऱ्या लोहखनिजापैकी सुमारे तीन चतुर्थांश एकटा चीन घेतो. त्या देशाचे पोलाद उत्पादन २०२० मध्ये शिखरास पोहोचले आणि त्यानंतर त्याला ती उंची पुन्हा गाठता आलेली नाही. घरबांधणीच्या व्यवसायातील मंदी हे त्याचे एक मोठे कारण. भावाचे हेलकावे तर विलक्षण आहेत. चांगल्या प्रतीच्या खनिजाचा भाव २०११ मध्ये टनाला पावणेदोनशे डॉलरांच्या वर होता, २०१५ च्या अखेरीस तो चाळिशीच्या खाली गेला, २०२१ च्या मेमध्ये दोनशे तिसाच्याही वर चढला आणि २०२४-२५ मध्ये शंभराच्या आसपास घोटाळत राहिला. आपले खनिज हलक्या प्रतीचे असल्याने आपल्याला याहूनही कमी मिळते. त्यात आफ्रिकेतील गिनी देशाच्या सिमांडू डोंगरातून उच्च प्रतीच्या खनिजाची निर्यात २०२५ च्या अखेरीस सुरू झाली असून तिची नियोजित क्षमता वर्षाला बारा कोटी टनांची आहे. जगातील पोलाद कारखाने धूर कमी करण्याच्या खटपटीत आहेत आणि त्यांना कसदार खनिज हवे आहे. अशा वेळी हलक्या मालाच्या विक्रेत्याची कोंडी आधी होते, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. आठवड्याच्या बाजारात मासळी विकणारी बाईही ते सांगेल.

तिसरी गोष्ट म्हणजे दिल्लीचे धोरण. मे २०२२ मध्ये केंद्र सरकारने खनिजावरील निर्यात कर पन्नास टक्क्यांवर नेला आणि तोपर्यंत मुक्त असलेल्या हलक्या प्रतीच्या मालासही तो लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरात अठ्ठावन्न टक्क्यांहून कमी लोह असलेल्या मालावरील कर पुन्हा रद्द झाला. निर्णय देशाच्या पोलाद उद्योगाच्या दृष्टीने कदाचित योग्यही असेल. परंतु सहा महिन्यांत शून्यावरून पन्नास आणि पन्नासावरून शून्य असा हा झोका ज्याच्या घरावर आदळतो, त्याचे मत कोणी विचारले नव्हते. यावर उपाय म्हणून आमोणे-न्हावेली परिसरात आहेत तसे लोखंड गाळण्याचे कारखाने वाढवून माल येथेच वापरावा, असेही सुचवले जाते. देशाची पोलादक्षमता २०३० पर्यंत तीस कोटी टनांवर नेण्याचे धोरण २०१७ पासून जाहीर आहे, तेव्हा देशी मागणी वाढणार हे खरे. पण भट्टीचा धूर आणि कोळशाची वाहतूकही त्यासोबत येते, हे वास्कोच्या नागरिकांना विचारून घ्यावे.

आता प्रश्न असा की, आकडे वाढले तरी डिचोलीकराच्या पदरात काय पडणार? यंत्रे मोठी झाली, मालक थोडे झाले. पूर्वी ज्याने ट्रकावर घर चालवले, त्याला नव्या व्यवस्थेत तितके काम मिळेलच अशी शाश्वती नाही. दुसरीकडे उपद्रव मात्र जुनाच आहे. ज्या शिरगावात देवी लईराईचे धोंड अनवाणी होमकुंडातून चालतात, त्या गावाच्या खाणी समुद्रसपाटीच्या खाली खोदल्या गेल्या आणि गावच्या विहिरींनी तळ गाठला. मुळगाव आणि लामगावच्या लोकांचे म्हणणे एवढेच की आमची घरे, देवळे आणि शेते खाणपट्ट्याच्या सीमेतून वगळा. पिळगावच्या शेतकऱ्यांनी २०२४ च्या अखेरीस आपल्या शेतातून जाणारी खनिजवाहतूक अडवली, ती विकासाचा द्वेष म्हणून नव्हे. आपल्या जमिनीच्या वापराचा हिशेब मागण्यासाठी. वाढीचा दर मोजणारे खाते विहिरीतील पाण्याची पातळी मोजत नाही. ती मोजली तर कित्येक गावांचे उत्पन्न वजाबाकीत निघेल.

पेडण्याची कहाणी वरवर वेगळी दिसते, परंतु मुळात तीच आहे. पर्यटन हीदेखील एक निर्यातच आहे. येथे माल जहाजात भरून जात नाही, गिऱ्हाईक विमानाने येते, एवढाच फरक. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोपच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले; पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला चव्वेचाळीस लाख प्रवाशांची. २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीहून अधिक पर्यटक आले. परंतु त्यांत परदेशी पाहुणे पाच लाखांच्या आतच होते. २०१९ मध्ये ते नऊ लाखांहून अधिक होते. म्हणजे गर्दी वाढली, आणि अधिक दिवस राहून गावच्या खानावळीत नि खोलीत पैसा सोडणारा पाहुणा मात्र घटला.

मोप, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांच्या सड्यावरची काजूची झाडे आणि गुरांची चराऊ जमीन विमानतळासाठी गेली. त्याच्या मोबदल्यात स्थानिक तरुणांना नोकऱ्या मिळतील, असे आश्वासन होते. काहींना त्या मिळाल्याही. परंतु टॅक्सीवाल्यांना विमानतळावर उभे राहण्याच्या हक्कासाठी आंदोलन करावे लागले, हेही विसरता येत नाही. याहून गंभीर गोष्ट जमिनीची आहे. विमानतळ आला आणि मोरजी, मांद्रे, हरमलपासून धारगळपर्यंत जमिनीचे भाव असे चढले की पेडणेकराच्या मुलाला आपल्याच गावात घर बांधण्यापुरती जागा घेणे अशक्य व्हावे. तिळारीच्या कालव्याचे पाणी ज्या जमिनींसाठी आणले त्याच जमिनी शेतीतून काढून करमणूक नगऱ्यांस देण्याच्या योजना पुढे आल्या. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये घातलेल्या १७ (२) या पोटकलमाखाली शेतजमिनीचे रूपांतर सोपे झाले होते. त्याचे नियम उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, तेव्हा जनतेने सुटकेचा श्वास टाकला. विकलेली जमीनसुद्धा राज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यांना पुष्टी देते. बांधकाम वाढते, मुद्रांकाचा महसूल वाढतो, वाढीचा दर सुधारतो. पण जमीन ही खनिजासारखीच आहे. ती एकदाच विकता येते.

औषधनिर्मितीचा उद्योग आज गोव्याच्या निर्यातीचा मोठा भार वाहतो, ही समाधानाची गोष्ट आहे, कारण तेथे डोंगर नव्हे तर शिक्षण कामास येते. मात्र तोही परदेशी बाजारावर विसंबून आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर पन्नास टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लादले, त्यातून औषधे वगळली गेली म्हणून आपण बचावलो. दुसऱ्याच्या मर्जीने मिळालेली सुटका म्हणजे सुरक्षितता नव्हे. तुये येथे इलेक्ट्रॉनिक उद्योगांची वसाहत उभारण्याचा बेत याच विचाराने आखला गेला होता. तो रखडत राहिला आणि त्याच मुदतीत करमणुकीचे प्रकल्प मात्र वेगाने पुढे सरकले. सरकारची खरी प्राथमिकता कोणती, हे यावरून ज्याने त्याने ओळखावे.

पॅसिफिक महासागरात नाउरू नावाचा एकवीस चौरस किलोमीटरांचा देश आहे. आपल्या एखाद्या मोठ्या गावाएवढा. १९६८ मध्ये तो स्वतंत्र झाला, तेव्हा त्याच्या भूमीत फॉस्फेटचा अमाप साठा होता. पुढील दशकात त्या देशाचे दरडोई उत्पन्न जगात अत्युच्च गणले जाई. कर नव्हते, विमान कंपनी होती, परदेशात इमारती घेतल्या होत्या. भावी पिढ्यांसाठी न्यासही स्थापन केला होता. फॉस्फेट संपत आले तेव्हा न्यासाचा पैसा उधळपट्टीत आणि चुकीच्या गुंतवणुकीत विरून गेल्याचे उघडकीस आले. मागे राहिले ते खणून काढलेले ओसाड पठार आणि परक्या मदतीवर जगणारी प्रजा. याउलट नॉर्वेने खनिज तेलाचा पैसा वेगळ्या निधीत ठेवला आणि केवळ त्याच्या अपेक्षित परताव्याएवढाच खर्च करण्याचा दंडक पाळला. दोन्ही देशांपाशी संपत्ती होती, निधीही दोघांनी काढला. भेद पडला तो हिशेबाच्या शिस्तीत.

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये आपल्यासाठीही असा दंडक घालून दिला. खनिजाच्या विक्रीमूल्याचा दहा टक्के भाग गोव्याच्या कायम निधीत जमा व्हावा, असा तो आदेश आहे. या निधीत किती पैसा आहे, तो कोठे गुंतवला आहे आणि त्यावर व्याज किती आले, हे चौकातल्या कोणाही नागरिकास विचारून पाहावे. शंभरात एकाला तरी सांगता येईल की काय, याची आम्हांस शंका आहे. मालकाला आपल्या ठेवीची रक्कम माहीत नसणे, ही दिवाळखोरीची पहिली पायरी होय.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आणि स्पष्ट आहेत. नव्या पट्ट्यांतून निघणाऱ्या प्रत्येक टनामागे कायम निधीचा हिस्सा बिनचूक जमा व्हावा आणि त्याचा हिशेब दर सहा महिन्यांनी वृत्तपत्रांतून व ग्रामसभांतून जाहीर व्हावा. लिलावाच्या हिश्श्यातून येणारा पैसा पगार, सवलती आणि उत्सव यांवर खर्ची न पडता, विहिरी, बांध, शाळा आणि कौशल्यशिक्षण यांवरच पडावा. आणि त्यात खाणग्रस्त गावांचा पहिला हक्क मानला जावा. जिल्हा खनिज निधी ज्यांच्या नावाने गोळा होतो, त्यांच्या दारापर्यंत तो पोहोचावा. वस्ती, देवळे आणि पिकती शेते खाणपट्ट्यांतून वगळावीत. पेडण्यातील सिंचनाखालच्या जमिनींचे रूपांतर ग्रामसभेच्या संमतीवाचून होऊ नये. आणि पुढील अर्थसंकल्प मांडताना, खनिजाचा भाव निम्म्यावर आला तर राज्य कसे चालेल, याचे उत्तर अर्थमंत्र्यांनी सभागृहात द्यावे. शहाणा शेतकरी पेरणीपूर्वीच दुष्काळाचे बियाणे बाजूला काढून ठेवतो; सरकारकडून एवढ्या शहाणपणाची अपेक्षा करणे अवाजवी नाही.

पेडणे तालुक्यात पत्रादेवी येथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही तेथे गोळ्यांना सामोरे गेले. गोव्याचे भवितव्य लिस्बनमध्ये ठरू नये, ते येथील लोकांनी ठरवावे, एवढेच त्यांचे मागणे होते. आज आपले वर्ष बरे की वाईट, हे चीनच्या पोलाद कारखान्यांत, दिल्लीच्या अर्थखात्यात आणि परप्रांतीय जमीनदलालांच्या कचेऱ्यांत ठरत असेल, तर त्या मागण्याची पूर्तता अजून व्हायची आहे, असेच म्हणावे लागेल. बाजार आपल्या हाती नाही हे खरे; परंतु आलेल्या पैशाचे काय करायचे आणि उरलेली जमीन कशी राखायची, हे दोन निर्णय अद्याप आपल्या हाती आहेत. येती दोन-तीन वर्षे बरकतीची जाण्याचा संभव आहे. हीच वेळ हिशेब मागण्याची आहे. भाव पडल्यावर आणि खाणी थंडावल्यावर हिशेब मागण्यास पुष्कळजण पुढे येतील; पण त्या वेळी दाखवण्यासारखे तिजोरीत काही उरलेले नसेल.